गाडीत सॅटेलाइट रेडिओ, वायर न दिसता: प्रकल्प नोंदी

१ जून २०२४, शनिवार

मुलगी ऑगस्टमध्ये पेन्सिल्व्हेनियात स्टेट कॉलेजला शिकायला जाणार आणि आमची २००९ची टोयोटा तिच्याबरोबर जाणार. गाडी तिला पसंत आहे. अट एकच: "बाबा, ते जाळं काढा."

जाळं म्हणजे माझा सॅटेलाइट रेडिओ. गेली तीन वर्षं तो गाडीत असा नांदतोय: टपावर चुंबकाने चिकटलेली अँटेना, तिची वायर मागच्या दाराच्या फटीतून चेपून आत घेतलेली आणि सीटच्या कडेकडेने पुढे आलेली. सिगरेट लायटरमध्ये पॉवरचा प्लग, त्याची वायर गिअरच्या दांड्याला वळसा घालून वर. तिसरी वायर ऑक्सची, म्हणजे रेडिओचा आवाज गाडीच्या स्टिरिओत नेणारी. एसीच्या जाळीला अडकवलेला पाळणा आणि त्यात रेडिओ. पुढे बसणाऱ्या प्रत्येकाची पिशवी या जाळ्यात एकदा तरी अडकते.

रेडिओच काढून टाकायचा प्रश्न नाही. न्यू जर्सीतल्या आमच्या एडिसनहून स्टेट कॉलेज साधारण चार तास, त्यातला बराचसा रस्ता आय-८० महामार्ग. न्यू जर्सीची हद्द संपून डोंगर लागले की एफएमची स्टेशनं एकेक करून खरखरायला लागतात, आणि मधल्या काही पट्ट्यांत फोनही मान टाकतो. उपग्रहावरचं स्टेशन मात्र इथून कॅलिफोर्नियापर्यंत तेच. पोरीलाही तो हवाच आहे, फक्त वायर दिसायला नको.

अण्णा (माझे वडील) गेल्या आठवड्यात पुण्याहून आलेत. एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेत इलेक्ट्रिशियन होते. नव्या बसची बॉडी उभी राहिली की तिच्यात वायरिंग घालायचं त्यांचं काम. गाडीत डोकावून म्हणाले, "हे तू केलंस?" मी हो म्हटलं. पुढे काही बोलले नाहीत. त्यापेक्षा दोन शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

२ जून, रविवार

आज फक्त विचार आणि मोजमाप.

पर्याय तीन होते. पहिला, स्टिरिओच बदलायचा: सॅटेलाइटची सोय असलेला नवा स्टिरिओ आणि डॅशबोर्डमागे दडवायचा ट्यूनरचा डबा. दिसायला सगळ्यात देखणा, पण चांगला चालणारा स्टिरिओ काढून फेकायला मन होत नाही. दुसरा, रेडिओतला छोटा एफएम ट्रान्समीटर वापरायचा, म्हणजे ऑक्सची वायर वाचते. न्यूयॉर्कच्या आसपास एफएमची पट्टी इतकी खचाखच भरलेली आहे की मोकळी जागा सापडत नाही. सापडली तरी वीस मैलांवर दुसरं कुणीतरी तिथे बोलत असतं. तिसरा, आहे तोच रेडिओ, आहेत त्याच तीन वायर, फक्त सगळ्या आतून न्यायच्या. हाच घेतला.

अण्णांनी सगळं सामान बाहेर काढून गॅरेजच्या फरशीवर मांडायला लावलं. अँटेना कॅरमच्या सोंगटीपेक्षा जरा मोठी, तिची वायर साधारण २० फूट. ती कापायची नाही. उरेल ती गुंडाळून ठेवायची. पॉवरच्या प्लगचीही तीच कथा. मला वाटत होतं प्लग कापून वायर सरळ फ्यूजला जोडावी. पण गाडीच्या १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारं सर्किट त्या प्लगच्या पोटातच आहे. प्लग कापला आणि वायर थेट जोडली की रेडिओची राख. कंपनीच्या पुस्तिकेतही कापू नका असं बजावलंय. तेव्हा युक्ती अशी: लायटरसारखं एक सॉकेट विकत आणायचं, ते डॅशबोर्डच्या आत बसवायचं आणि आहे तो प्लग न कापता त्यात खोचायचा.

"आणि झाकायच्या आधी उघड्यावर चालवून बघायचं," अण्णा म्हणाले. "दापोडीत आम्ही बॉडीला पत्रा लागायच्या आधी प्रत्येक दिवा पेटवून बघायचो. पत्रा लागल्यावर सापडलेला फॉल्ट म्हणजे दोन दिवस गेले."

८ जून, शनिवार

पॉवरचं काम.

सगळ्यात आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली. टोयोटाची सूचना आहे की त्यानंतर निदान ९० सेकंद थांबा, म्हणजे एअरबॅगच्या सर्किटमध्ये साठलेली वीज उतरते. आम्ही चहा पिऊन आलो. डॅशखाली आणि सीटखाली पिवळ्या वेष्टनातल्या, पिवळ्या कनेक्टरच्या वायर दिसतात त्या एअरबॅगच्या. त्यांना हात लावायचा नाही, त्यांना काही बांधायचं नाही, त्यांच्यावरून काही न्यायचं नाही. अण्णांना हे नवीन होतं. एसटीत एअरबॅग कुठली! पण एकदा सांगितल्यावर त्यांनी पिवळ्या वायरला जो मान दिला तो मला कधी दिला नाही.

फ्यूजचा डबा ड्रायव्हरच्या डाव्या गुडघ्यापाशी. किल्ली फिरवली की चालू आणि काढली की बंद, अशी लाइन हवी होती, लायटरची घेतली. फ्यूज टॅप नावाचा प्रकार मिळतो: जुना फ्यूज काढायचा, त्या जागी हा खोचायचा, त्यात जुना फ्यूजही बसतो आणि शेजारी नव्या वायरसाठी दुसरा. आमच्यासाठी ३ अँपिअरचा पुरे.

मी टॅप खोचणार तेवढ्यात अण्णांनी हात धरला. "कुठल्या पायाला करंट आहे बघितलंस?" फ्यूज काढल्यावर उरलेल्या दोन खाचांपैकी एकीत बॅटरीकडून वीज येते, दुसरी पुढे जाते. टॅपचा जो पाय दोन्ही फ्यूजना सामायिक असतो तो येणाऱ्या बाजूला असेल तर दोन्ही फ्यूज आपापला भार वेगळा सांभाळतात. उलटा खोचला तरी सगळं चालतं, आणि घोटाळा इथेच आहे: मग नव्या वायरचा भारही जुन्या फ्यूजमधूनच जातो. चालतंय म्हणून कुणी बघत नाही. बॅटरी पुन्हा जोडून टेस्ट लॅम्प लावला. मी उलटाच खोचणार होतो.

अर्थिंगला किक पॅनलमागे (पायाशी बाजूला असतं ते झाकण) एक बोल्ट सापडला. दहा नंबरच्या पान्याने सैल केला, पॉलिश पेपरने रंग खरवडून पत्रा चकचकीत केला. वायरच्या टोकाला थिंबल, म्हणजे बोल्टखाली अडकवायची धातूची कडी. मी साध्या पकडीने दाबलं. अण्णांनी वायर धरून ओढली, ती सुटून हातात आली. "ही घे तुझी वायर." मग गावभर फिरून क्रिम्पिंगची खरी पक्कड आणली, १८ डॉलर. आता ओढून बघितलं तर गाडी हलते, थिंबल हलत नाही.

सॉकेट स्टिरिओच्या खालच्या पोकळीत बसवलं. प्लग खोचला, आणि खडखडू नये म्हणून भोवती कापडी टेप. सॉकेटमधून प्लग आपोआप निसटतात, हा जगभरचा अनुभव. म्हणून प्लग आणि सॉकेट मिळून एक केबल टाय आडवा.

९ जून, रविवार

काम बंद. भारत-पाकिस्तान सामना, आणि तोही इथेच, लाँग आयलंडवर. भारत ११९ वर सर्वबाद झाल्यावर अण्णा उठून गॅरेजमध्ये निघाले होते, मी बसवून ठेवलं. ६ धावांनी जिंकलो.

१५ जून, शनिवार

आज अँटेना, आणि आज भांडण.

माझं म्हणणं: वायर लपवायचीच आहे तर अँटेना तरी टपावर कशाला? विद्यार्थ्यांच्या पार्किंगमध्ये गाडी चार-चार दिवस उभी राहणार. टपावरचं ते बटण म्हणजे आत काहीतरी आहे अशी पाटीच. डॅशबोर्डच्या वरच्या प्लास्टिकखाली, काचेच्या अगदी जवळ, अँटेना ठेवली तर बाहेर काहीच दिसणार नाही. काच आणि प्लास्टिक, दोन्हींतून या लहरी आरपार जातात. वायरही तीन फुटांत संपते.

अण्णांचं म्हणणं: "छत्री घरात उघडून पाऊस मोजतोस का?"

मी ऐकलं नाही. डॅशचं वरचं झाकण कडेने उचकटलं (प्लास्टिकची उचकटणी वापरा, स्क्रू ड्रायव्हरने ओरखडे उठतात, माझे दोन उठले आहेत), आत एक लोखंडी पट्टी ठेवली, कारण या अँटेनेला खाली धातूचा पत्रा लागतो, आणि तिच्यावर अँटेना चिकटवली. उरलेली वायर इंग्रजी आठच्या आकारात गुंडाळून ग्लोव्ह बॉक्समागे बांधली.

रेडिओ चालू केला. आवाज खणखणीत. मेनूमध्ये सिग्नलचं पान आहे, त्यात दोन पट्ट्या असतात, एक उपग्रहाची आणि एक जमिनीवरच्या मनोऱ्यांची. जमिनीची पूर्ण भरलेली, उपग्रहाची निम्मी. निम्मी का, असा प्रश्न मला पडायला हवा होता. मी आवाज ऐकला आणि खूश झालो. झाकण बसवलं, खटके दाबले, फोटो काढले.

अण्णांनी एकच विचारलं, "झाकायच्या आधी चालवून बघायचं ठरलं होतं ना?"

"चाललं की!"

"दारात चाललं."

२२ जून, शनिवार

खोली बघायला सगळे स्टेट कॉलेजला. रेडिओ आय-२८७ वर मस्त. आय-८० ला लागलो, अजून मस्त. मी आरशातून अण्णांकडे बघून घेतलं.

डेलावेअर वॉटर गॅपला नदी डोंगर कापून बाहेर पडते आणि रस्ता तिच्या कडेने वळत जातो. पहिल्याच वळणाला आवाज गेला. आला. गेला. पुढे पोकोनोच्या चढावर बराच वेळ व्यवस्थित, मग दहा मिनिटं शांतता, मग अर्धं गाणं. बायकोने आपला फोन लावला. त्यालाही पुढे रेंज नव्हती, तेवढाच मला दिलासा.

२३ जून, रविवार

परत येताना रेडिओ जवळजवळ मुका. गंमत अशी की जाताना निम्मा वेळ तरी वाजत होता. तोच रस्ता, उलट दिशा, आणि काहीच नाही.

वाटेत एका विश्रांतीच्या थांब्यावर गाडी वळवता वळवता सिग्नलचं पान उघडं ठेवलं. नाक दक्षिण-नैर्ऋत्येकडे: उपग्रहाची पट्टी भरली. नाक पूर्वेकडे: रिकामी. जमिनीची पट्टी दोन्ही वेळा शून्य. गाडी रिकाम्या पार्किंगमध्ये गोल गोल फिरवत होतो, बाकीचे लोक बघत होते, पोरगी सीटमध्ये खाली सरकली होती.

मग सगळं जुळलं. आमचा रेडिओ एक्सएम या सॅटेलाइट रेडिओ कंपनीच्या जाळ्यावरचा. एक्सएमने २००१ मध्ये दोन उपग्रह सोडले, नावं रॉक आणि रोल, आणि तेही प्रशांत महासागरात तरंगणाऱ्या तळावरून. मूळचे उपग्रह म्हातारे झाले, त्यांच्या जागी नवे आले, पण जागा त्याच: विषुववृत्तावर ८५ आणि ११५ अंश पश्चिम रेखांश. म्हणजे न्यू जर्सीतून बघितलं तर एक दक्षिणेला जरासा पश्चिमेकडे, क्षितिजापासून साधारण ४२ अंश वर. दुसरा थेट नैर्ऋत्येला, जेमतेम २८ अंश वर. डॅशबोर्डखालच्या अँटेनेला आकाश दिसतं ते फक्त पुढच्या काचेतून. पश्चिमेला जाताना नैर्ऋत्येचा उपग्रह काचेच्या डाव्या कोपऱ्यातून डोकावतो, म्हणून निम्मं वाजतं. पूर्वेला येताना दोन्ही पाठीमागे, आणि मध्ये लोखंडाचा टप.

मग घरी का वाजलं? शहरांमध्ये उंच इमारती उपग्रहाला आडव्या येतात, म्हणून कंपनीने तिथे जमिनीवर मनोरे उभे केलेत. तेच कार्यक्रम ते जवळून पाठवतात. न्यूयॉर्कच्या परिसरात मी उपग्रह ऐकतच नव्हतो. मनोऱ्याच्या जोरावर अँटेना बादलीत ठेवली असती तरी वाजली असती.

अण्णा शेवटचा तासभर काही बोलत नव्हते. मला वाटलं रागावलेत. मग म्हणाले, "आपल्याकडेही आग्नेयेलाच लावावी लागायची."

पुण्याला आमच्याकडे वर्ल्डस्पेस कंपनीचा सॅटेलाइट रेडिओ होता. त्यांचा एशियास्टार उपग्रह १०५ अंश पूर्वेला, म्हणजे पुण्याहून आग्नेय दिशेला. बाल्कनीच्या कठड्याला अण्णांनी अँटेना एका लाकडी चौकटीत बसवली होती आणि चौकटीवर खडूने बाण काढला होता. पहाटे ‘गंधर्व’ वाहिनी लागायची, शास्त्रीय संगीताची. मध्ये जाहिराती नाहीत. २००९ संपलं त्याच दिवशी, ३१ डिसेंबरला, भारतातली सेवा बंद झाली. तो डबा अजून कपाटावर आहे. मजा म्हणजे वर्ल्डस्पेस ही मूळ इथलीच, वॉशिंग्टनजवळची कंपनी, आणि सुरुवातीच्या काळात एक्सएममध्ये तिचाही पैसा होता. म्हणजे अण्णा एका अर्थाने या घराण्याचे जुने गिऱ्हाईक.

"अँटेना टपावर जाऊ दे," मी म्हटलं.

"बघ बाबा. गाडी तुझी."

२९ जून, शनिवार

अंतिम सामना. सकाळी साडेदहापासून कुणी हललं नाही. ७ धावांनी विश्वचषक. संध्याकाळी पेढे घेऊन ओक ट्री रोडवर गेलो तर तिथे रस्त्यावर ढोल. पान्याला हात लागला नाही.

३० जून, रविवार

सकाळी अण्णांनी पुण्याला फोन केला. दोन्ही पालख्या शहरात पोचल्या होत्या. तुकोबांची दापोडीवरूनच जाते. फोन ठेवला आणि म्हणाले, "चल, टपावर चढू."

अख्ख्या प्रकल्पात मन लावून केलेलं काम हेच, म्हणून सविस्तर लिहितो.

जागा: टपाच्या मागच्या भागात, बरोबर मध्यावर, कडेपासून तीन इंचांपेक्षा जास्त आत. चारही बाजूंना पत्रा मोकळा हवा. टप लोखंडी आहे ना हे आधी चुंबक लावून बघा. हल्ली काही गाड्यांचा अॅल्युमिनियमचा असतो, तिथे ही अँटेना चिकटणारच नाही. टप धुऊन कोरडा केला. धुळीच्या एका कणावर चुंबक ठेवलं तरी रंगावर चरा उमटतो.

वाट: पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबातून वायर खाली नेणं सगळ्यात जवळचं, पण त्या खांबात पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग घडी घालून ठेवलेली असते. तिच्या वाटेत वायर आली तर अपघाताच्या क्षणी काय होईल ते सांगता येत नाही. म्हणून लांबची वाट: मागची काच, डिकी, मागची सीट, दाराचा उंबरठा, डॅश. २० फुटांतली जेमतेम तीन फूट उरली.

मागच्या काचेभोवती रबराचं बीडिंग आहे. ते बोटाने किंचित उचललं की खाली बारीक खोबण दिसते. अण्णांनी वायर तिच्यात ठेवायची पद्धत दाखवली: ढकलायची नाही, दाबत जायची. डाव्या हाताच्या अंगठ्याने रबर मागे धरायचं, उजव्या हाताच्या अंगठ्याने वायर आत दाबायची, मग रबर सोडायचं. एका वेळी एक इंच. बीडिंगला साबणाचं पाणी लावलं की सोपं जातं. मी हातभर केलं तर वायर दोन ठिकाणी पिळली होती. त्यांनी ती सगळी काढली, दोन्ही टोकं धरून झटकली, पीळ काढला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. पंच्याहत्तरीतला माणूस, चष्मा कपाळावर, काचेवर कान टेकवल्यासारखा वाकून, ४० मिनिटं. एवढा वेळ त्यांनी एकदाही घड्याळ बघितलं नाही. मी सहा वेळा बघितलं.

बीडिंगच्या कोपऱ्यातून वायर डिकीच्या पन्हाळीत उतरते आणि झाकणाच्या रबराखालून आत जाते. आत गेल्यावर मी ती ताणून सरळ पुढे घेतली. (याची शिक्षा १० जुलैच्या नोंदीत.)

डिकीतून मागच्या सीटच्या खाली, तिथून डाव्या बाजूच्या उंबरठ्यावर. दाराच्या उंबरठ्याची प्लास्टिकची पट्टी फक्त खटक्यांवर असते, वर खेचली की निघते. एक खटका मोडला. मोडणारच, म्हणून आधीच दहाचं पाकीट आणून ठेवलं होतं. खाली कंपनीची जाड वायरिंगची वळी जाते. तिच्यापासून आमची वायर दोन बोटं वेगळी ठेवली, दर वीतभर अंतरावर कापडी टेप. मी केबल टायने कंपनीच्याच वळीला बांधणार होतो. अण्णा म्हणाले, उद्या कुणी ही वळी बाहेर ओढली तर तुझी वायरही त्याच्याबरोबर ओढली जाईल. पाहुण्याने यजमानाच्या गळ्यात पडू नये.

ड्रायव्हरच्या पायाशी आल्यावर वर डॅशमध्ये जायला भोक होतं, पण वायर जाईना. कपड्याचं तारेचं हँगर सरळ केलं, टोकाला वायर टेपने बांधली, वरून हळूच ओढली. पेडलच्या आसपास काहीही लोंबकळत नाही ना, हे टॉर्च लावून दोघांनी वेगवेगळं तपासलं.

जुनी लोखंडी पट्टी डॅशमधून काढून घेतली. तिच्याकडे बघवत नव्हतं.

या वेळी झाकणं लावायच्या आधी गाडी बाहेर काढली. अण्णा मागे, उघड्या उंबरठ्यावर पाय न ठेवता कसेबसे बसलेले. आय-७८ ने पश्चिमेला, ईस्टनच्याही पुढे, जमिनीची पट्टी रिकामी होईपर्यंत. उपग्रहाची पट्टी जाताना भरलेली, परतताना भरलेली. पुलाखालून गेलो तरी आवाज तुटला नाही. रेडिओ काही सेकंदांचा साठा हाताशी ठेवून वाजवतो, तेवढ्यात पूल संपतो.

६ जुलै, शनिवार

वायर एकही दिसत नाही, पण आता ऐकू येते. इंजिन चालू असताना स्पीकरमधून बारीक शिट्टी, आणि अॅक्सिलरेटर दाबला की तिचा सूर चढतो. फोन ऑक्सला लावला तर शिट्टी नाही. रेडिओ लावून इंजिन बंद, नुसती किल्ली, तरीही नाही.

म्हणजे अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र), आणि अर्थिंगचा घोळ. स्टिरिओची अर्थ एकीकडे, आमच्या सॉकेटची दुसरीकडे. दोन्ही ‘अर्थ’ असल्या तरी इंजिन चालू असताना त्यांच्यात किंचित फरक पडतो, आणि ऑक्सची वायर त्या दोघांमधला पूल होते. फोन स्वतःच्या बॅटरीवर, म्हणून त्याला काही नाही.

यावर दहा डॉलरची डबी मिळते, ऑक्सच्या वायरमध्ये मध्येच लावायची; आत छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. आणली, लावली. शिट्टी गायब, आणि तबल्याचा डग्गाही गायब. स्वस्त ट्रान्सफॉर्मर खालचे सूर गिळतात. अण्णांनी डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली.

डबी परत केली. स्टिरिओ बाहेर काढून सॉकेटची अर्थ स्टिरिओच्या पट्टीच्याच बोल्टवर आणली, दोघांना एकच जागा. शिट्टी नव्वद टक्के गेली. उरलेली दहा टक्के गाडी उभी असताना, आवाज शून्यावर असताना, कान लावला तर. कान लावणारी व्यक्ती ऑगस्टनंतर पुण्यात असेल.

१० जुलै, बुधवार

रात्री धो धो पाऊस. सकाळी डिकीच्या तळाच्या कार्पेटवर हाताएवढा ओला डाग. पाणी वायरच्या अंगाने चालत आलं होतं, रबर ओलांडून थेट आत. मी वायर ताणून घेतली होती ना.

अण्णांनी वायर थोडी मागे घेतली आणि रबराच्या बाहेर, पन्हाळीत, तिला खाली झोका दिला, मग वर घेऊन आत. पाणी झोक्याच्या तळाशी येतं आणि तिथूनच ठिबकतं. घराच्या मीटरच्या वायरला असतो तोच झोका. लहानपणापासून बघतोय मी तो. नळीने १५ मिनिटं पाणी मारलं, डिकी कोरडी.

१३ जुलै, शनिवार

सगळी झाकणं बंद. पोरीने गाडीत बसून चारी बाजूंना बघितलं, "कुठंय?" म्हणाली. पाळण्याखाली बोटभर वायर दिसते, ती जाळीच्या फटीत गडप होते. टपावरचं बटण तिने मान्य केलं, नाइलाजाने.

मला वाटलं झालं. पण अण्णा जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन बसले. गाडीचा वरून आराखडा, त्यात लाल पेनने अँटेनेची वायर, निळ्याने पॉवर, काळ्याने ऑक्स. कुठे खटका, कुठे टेप, कुठे बोल्ट. "वायर लपवली म्हणजे हरवली नाही. पुढचा माणूस शिव्या घालेल." खाली मराठीत, सुवाच्य अक्षरात, क्रमाने: रेडिओ बंद पडल्यास आधी काय बघणे, मग काय बघणे. मी त्यात रेडिओचा आयडी लिहिला. शून्य नंबरची वाहिनी लावली की तो पडद्यावर येतो. त्यात इंग्रजी आय, ओ, एस आणि एफ ही अक्षरं कधीच नसतात, म्हणजे एक की आय, शून्य की ओ असा वाद नको. अण्णांना ही शक्कल फार आवडली. दापोडीत असं असतं तर निम्मे स्पेअर पार्ट चुकीचे आले नसते, म्हणाले.

कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून ग्लोव्ह बॉक्सच्या आतल्या भिंतीला चिकटवला. मी इंग्रजीत लिहूया म्हणालो होतो. "ती वाचेल," अण्णा म्हणाले. "रविवारच्या शाळेत घातली होतीस ना?"

२१ सप्टेंबर, शनिवार

ही नोंद लिहायचं ठरलं नव्हतं. अण्णा ऑगस्टच्या शेवटी, ठरल्याआधीच, पुण्याला परतले. गुडघा दुखतो, आणि गणपतीला घरी हवं.

दुपारी पोरीचा मेसेज: रेडिओ चालू-बंद होतोय, खड्डा आला की हमखास. मी फोन करून सांगायला लागलो, तर म्हणाली थांबा, कागद काढलाय. तीन अँपिअरचा फ्यूज बघितला, शाबूत. लायटरचा फ्यूजही शाबूत. प्लग सॉकेटमध्ये घट्ट. चौथी ओळ: अर्थ. मला तेव्हाच कळलं. ६ जुलैला स्टिरिओ परत बसवताना तो बोल्ट मी हाताने फिरवला होता, पाना लावतो म्हणालो आणि तेवढ्यात जेवायला हाक आली होती.

मी काही सांगायच्या आत तिने त्या ओळीचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला, ‘थिंबल’ या शब्दाभोवती गोल करून: "आजोबा, हे काय असतं?"

पुण्यात तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता. पाच मिनिटांत उत्तर आलं, व्हॉइस मेसेज, सव्वाचार मिनिटांचा.